पिंपातलं पाणकणीस

सोलापूर रस्त्याने उजनीच्या बाजूला जाताना, कालव्याच्या कडेला किंवा एखाद्या ओढ्याच्या पुलाखाली, माणसाच्या डोक्यावर गेलेली हिरवी पाती आणि त्यांतून वर आलेली तपकिरी कणसं तुम्ही पाहिली असतील. लांबून बाजरी वाटते. जवळ गेलं की काडीवरच्या कुल्फीची आठवण होते. हे पाणकणीस. काही जण त्याला रामबाण म्हणतात. गुजरातीत त्याचं नाव घाबाजरियुं, म्हणजे घावावरची बाजरी, कारण कणसातला कापूस पूर्वी जखमेवर दाबून धरत.

हे घरी लावता येतं का? येतं, आणि इतकं सहज येतं की तीच खरी अडचण आहे. गुलाब जगावा म्हणून आपण धडपडतो. पाणकणीस शेजारच्या वाफ्यात, तिथून गटारात आणि मग शेजाऱ्याच्या अंगणात जाऊ नये म्हणून धडपडावं लागतं. माझं पहिलं रोप मी मोठ्या उत्साहाने अंगणात, मोरीचं पाणी मुरायच्या खड्ड्यात लावलं होतं. दुसऱ्या पावसाळ्यात फरशीच्या सांध्यातून भाल्याच्या टोकासारखे कोंब वर आले. ते सगळं खणून काढायला पहार, दोन माणसं आणि एक पूर्ण रविवार गेला. त्यानंतर मी पाणकणीस फक्त पिंपात लावतो, आणि खालचं सगळं त्या अनुभवावरचं आहे.

आधी ओळख पटवा

महाराष्ट्रात याच्या मुख्यतः दोन देशी जाती दिसतात. टायफा डोमिंजेन्सिस ही सर्रास आढळणारी. जुन्या पुस्तकांत तिचं नाव टायफा अँगुस्टाटा असं सापडेल. ती दोन ते तीन मीटर वाढते. दुसरी टायफा एलेफँटिना, नावाप्रमाणेच दांडगी, चार मीटरपर्यंत जाते. तिचं पातं बुडाजवळ आडवं कापलं तर काप तिकोनी दिसतो. पिंपासाठी पहिली जात घ्या. दुसरी घेतलीत तर वाऱ्यात पिंपासकट आडवी होईल.

कणीस आलेलं असेल तर ओळख चुकायचं कारण नाही. एकाच काडीवर वरच्या भागात नरफुलं, खाली मादीफुलं आणि दोन्हींच्या मध्ये थोडी उघडी काडी. नरफुलं पिवळे पराग वाऱ्यावर सोडून झडून जातात, म्हणून पिकलेल्या कणसाच्या टोकाला नुसतीच काडी उरते. आपण ज्याला कणीस म्हणतो तो खालचा मादीचा भाग.

कणीस नसताना मात्र लोक फसतात. देवनळ त्याच ओढ्यात त्याच्याच शेजारी उभा असतो. देवनळाच्या खोडाला बांबूसारखी पेरं असतात. पाणकणसाला पेरं नसतात. सगळी पाती बुडापासूनच, पंख्यासारखी दोन बाजूंना निघतात. एक पातं मोडून उभं चिरून पाहा. आत शिडीसारखे हवेचे कप्पे दिसतात आणि दाबलं की स्पंजासारखं लागतं. हे कप्पे लक्षात ठेवा, पुढे छाटणीच्या वेळी त्यांचा संबंध येणार आहे.

वेखंडही असंच पात्यांचं, चिखलात वाढणारं. पण वेखंडाचं पातं चुरगाळलं की बाळाच्या अंघोळीचा वास घरभर होतो. पाणकणसाला तसा वास नाही.

आणखी एक नावाचा घोळ. बागेसाठी कोणी ‘लव्हाळा’ देऊ केला तर आधी विचारा, कोणता? ओढ्याकाठचं पाणगवत या अर्थानेही लोक लव्हाळा म्हणतात, आणि शेतकरी ज्याला शिव्या घालतो तोही लव्हाळाच, म्हणजे काळ्या गाठींचा नागरमोथा. तो एकदा कुंड्यांत शिरला की गाठ न् गाठ वेचून काढेपर्यंत जात नाही. फुकट मिळाला तरी घेऊ नका. नर्सरीत ‘अंब्रेला पाम’ म्हणून छत्रीसारखं जे मिळतं ते दिसायला छान आहे, पण मूळचं आफ्रिकेकडचं. देशीच लावायचं ठरवलं असेल तर ते बाजूला ठेवा.

भांडं: यात काटकसर नको

माझी पसंती २०० लिटरच्या निळ्या पिंपाला. मधोमध आडवं कापलं की बुडाच्या बाजूचा अर्धा भाग साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर उंच होतो. भंगारवाल्याकडे असं पिंप सहज मिळतं आणि तोच ते कापूनही देतो. आत आधी काय होतं ते मात्र विचारून घ्या. खाद्यतेल किंवा सरबताचा अर्क असेल तर धुऊन चालेल. रसायनाचं असेल आणि विक्रेता नीट सांगत नसेल तर सोडून द्या. कापलेली कड पॉलिशपेपरने घासा, नाहीतर प्रत्येक वेळी हात कापेल.

सिमेंटचा छोटा हौद, जुना बाथटब, दगडी डोणी, काहीही चालतं. चालत नाहीत त्या दोन गोष्टी. एक, पातळ प्लास्टिकचे टब. पाणकणसाचं मुख्य खोड जमिनीखाली आडवं धावतं, आपण त्याला कंद म्हणू. त्याच्या पुढच्या टोकाला पांढरा, कडक, अणकुचीदार कोंब असतो. जागा संपली की तो भिंतीला ढकलत गोल फिरतो. माझा एक टब असा फुगून तडकला. दुसरी गोष्ट, खड्डा खणून त्यात अंथरलेला ताडपत्रीचा कागद. तो कोंब कागदाला टोचून पलीकडे जातो आणि तुम्हाला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. जमिनीतच तळं करायचं असेल तर तळ्यात पिंप ठेवा आणि पिंपात पाणकणीस.

पिंपाच्या कडेपासून पाच सेंटिमीटर खाली बोटभर जाडीचं एक भोक पाडा आणि त्याला आतून बारीक जाळी चिकटवा. पावसाळ्यात जास्तीचं पाणी तिथून निघून जातं, माती वाहून जात नाही. बुडाला भोक नको. हे झाड कुंडीतलं नाही, निचरा त्याला नकोच असतो.

आता वजन. ओल्या चिखलाने भरलेलं अर्धं पिंप १५० किलोच्या आसपास जातं. ज्या गच्चीवर लोकांची ये-जा असते तिचा स्लॅब सर्वसाधारणपणे चौरस मीटरला १५० किलोचा भार धरून आखलेला असतो, आणि हे सगळं वजन पाव चौरस मीटरवर उभं राहतं. तेव्हा गच्चीच्या मधोमध ठेवू नका. खाली तुळई किंवा भिंत असेल त्या रेषेवर ठेवा, एकाहून जास्त पिंपं असतील तर इमारतीच्या इंजिनिअरला विचारा. कठड्यालगत ठेवत असाल तर वळवाच्या वाऱ्याचा विचार करा, दोन मीटर उंच पाती शिडासारखी वारा धरतात. पिंप भरल्यावर हलणार नाही, म्हणून आधी जागा पक्की करा. दिवसातून सहा तास ऊन मिळेल अशी जागा हवी. सावलीत पाती वाढतात पण लोळतात, आणि कणीस येत नाही.

रोप कुठून आणायचं

नर्सरीत पाणकणीस क्वचितच दिसतं. युरोपातलं बुटकं पाणकणीस कधीकधी पाणबागेची झाडं विकणाऱ्यांकडे असतं. ते आपल्याकडचं नाही. बहुतेकांना कंद ओढ्यावरून किंवा पाटावरूनच आणावा लागतो. शेतातला पाट असेल तर शेतकऱ्याला विचारा. पाणकणसाने पाट तुंबतो, त्यामुळे तो तुम्हाला कुदळही देईल आणि वर चहाही पाजेल. अभयारण्यातून मात्र एक पातही उचलायची नाही. नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून जाहीर झालेली पाणथळ. तिथे पाणकणसाची बेटंच्या बेटं आहेत आणि पाणपक्षी त्यांत लपतात, घरटी करतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अशा ठिकाणाहून परवानगीशिवाय झाडं काढणं गुन्हा आहे.

शहरातल्या सांडपाण्याच्या नाल्यातूनही नको. पाणकणीस गाळातले जड धातू मुळांत साठवून ठेवतं, त्यामुळे नाल्याचा कंद म्हणजे नाल्याचा थोडा गाळ घरी आणणं.

जाताना गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घाला आणि हातात काठी ठेवा. पाण्यात दिवड असते, ती बिनविषारी. पण वरच्या बांधावरच्या गवतात घोणसही असू शकते. आधी काठीने गवत हलवा, मग हात घाला.

कडेचं, तरुण, कमरेएवढं वाढलेलं रोप निवडा. मधलं जुनं बेट उचकटायला जाऊ नका, ते तुमच्याच्याने निघणार नाही. कुदळीने बाजूची माती सैल करून वीतभर लांबीचा कंद कापून घ्या. त्यावर निदान एक पांढरा कोंब आणि काही पाती असली पाहिजेत. दोन-तीन तुकडे पुरेत. एका पिंपाला खरं म्हणजे एकच पुरतो, बाकीचे लागले नाहीत तर असावेत म्हणून. ओल्या गोणपाटात गुंडाळून आणा.

घरी आल्यावर बादलीत दोन-तीनदा खळबळून धुवा आणि मुळांमधला गाळ बोटांनी काढा. जलपर्णीचं एखादं पान, गोगलगायीच्या अंड्यांचा चिकट पुंजका, दुसऱ्या कुठल्या पाणतणाची पेरं असं काहीही त्यात लपलेलं असतं. ही पायरी लोक गाळतात आणि मग पुढचं वर्षभर वेचत बसतात.

माती आणि लावणी

मातीचं गणित सोपं आहे: काळी माती दोन घमेली, वाळू किंवा क्रश सँड एक घमेलं. अर्ध्या पिंपाला हे माप साधारण दोनदा लागतं, घमेल्याच्या आकारावर अवलंबून. तळ्याचा किंवा धरणाचा पोयटा मिळाला तर त्याहून उत्तम. कोकोपीट नको, ते पाण्यावर तरंगतं. ताजं शेण तर मुळीच नको. पाण्याखाली हवा नसते, तिथे शेण कुजलं की सडक्या अंड्याचा वास सुटतो आणि घरातली माणसं तुमच्या बागकामाविरुद्ध एक होतात. तळाला चांगलं कुजलेलं कंपोस्ट दोन ओंजळी टाका, बस्स. पुढे वेगळं खत द्यायची गरज मला कधी पडलेली नाही.

लावणीला जूनचा पहिला-दुसरा पाऊस झाल्यावरचा आठवडा सगळ्यांत चांगला. फेब्रुवारीअखेरही चालतं, पण मग उन्हाळ्यात पाण्यावर जास्त लक्ष ठेवावं लागतं. ऐन थंडीत लावलं तर कंद मरत नाही, नुसता बसून राहतो.

आता क्रमाने. पिंपात ३० सेंटिमीटर माती भरा आणि पाणी घालून हाताने कालवा, भातखाचरातल्या चिखलासारखी झाली पाहिजे. एक रात्र तशीच राहू द्या म्हणजे हवेचे बुडबुडे निघून ती खाली बसेल. दुसऱ्या दिवशी रोपाची पाती दीड वितीवर कापा. मुळं तुटलेली असताना एवढी पाती त्याला पोसवत नाहीत. कंद आडवा, किंचित तिरका, चार बोटं खोल दाबा. कोंबाचं टोक वरच्या बाजूला आणि पिंपाच्या मध्याकडे असू द्या. भिंतीकडे तोंड केलंत तर पहिल्याच महिन्यात तो भिंतीला जाऊन थडकेल. वरून दोन इंच बारीक खडी पसरा. ती माती उसळू देत नाही आणि डासांच्या बाबतीत तिचा मोठा उपयोग आहे, तो पुढे सांगतो.

सुरुवातीला पाणी खडीच्या बरोबरीने ठेवा, वर नको. इथे नवखी माणसं हमखास चुकतात. पाण्यातलं झाड म्हणून ती पिंप काठोकाठ भरतात आणि कापलेली पाती पाण्याखाली जातात. मघाशी पाहिलेले ते हवेचे कप्पे म्हणजे या झाडाची श्वासनलिका. चिखलात हवा नसते, तेव्हा पात्यांतून खाली उतरणाऱ्या हवेवर कंद जगतो. पात्यांची तोंडं बुडाली की कंद अक्षरशः गुदमरतो. दोन-तीन आठवड्यांत कोंब खडीतून वर येतो. तो हातभर झाला की हवं असल्यास पाणी खडीच्या वर बोटभर चढवायला हरकत नाही.

बियांपासूनही रोप होतं. पिकलेल्या कणसाचा चिमूटभर कापूस ओल्या चिखलावर टाकून उन्हात ठेवला की हिरवी लव उगवते. बी मातीत पुरायचं नाही, त्याला उजेड लागतो. पण मग कणसासाठी बरीच वाट पाहावी लागते. शाळेतल्या मुलांना दाखवायला मजा आहे, बाग करायची असेल तर कंदच बरा.

पाणी

कोरडं पडू द्यायचं नाही, एवढाच नियम. पावसाळ्यात काही करावं लागत नाही, हिवाळ्यात दोन-चार दिवसांनी एकदा पाहायचं. उन्हाळ्यात मात्र हे झाड पाणी अक्षरशः पितं. पुण्यात एप्रिल-मेमध्ये माझं एक पिंप रोज अर्धी बादली संपवतं. टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत राहत असाल तर हे आधी मनात धरा.

मी त्यावर काढलेला तोडगा म्हणजे आरओ फिल्टरचं टाकाऊ पाणी. ते थोडं खारट असतं, गुलाबाला-मोगऱ्याला मानवत नाही, पण पाणकणीस थोडा खारटपणा सहन करतं. पावसाळ्यात पिंप भरून वाहतं तेव्हा साठलेले क्षार धुऊन जातात. कपडे धुण्याचं शेवटचं, खळबळायचं पाणीही चालतं. साबणाचं पहिलं पाणी आणि ब्लीच घातलेलं पाणी नको.

सांडपाण्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. पाणवनस्पतींकडून पाणी शुद्ध करून घेता येईल का, याचे प्रयोग जर्मनीत १९५० च्या दशकात केटे झायडेल या शास्त्रज्ञ बाईंनी सुरू केले. आज ठिकठिकाणी दिसणाऱ्या कृत्रिम पाणथळींची कल्पना तिथून पुढे आली. पाती मुळांपर्यंत हवा पोहोचवतात, त्यातली थोडी मुळांभोवतीच्या चिखलात झिरपते आणि तिथे जिवाणूंची वस्ती होते. घाण खायचं बरंचसं काम हे जिवाणू करतात. पण अशा पाणथळीसाठी चांगली मोठी जागा लागते. तुमचं एक पिंप स्वयंपाकघराच्या मोरीचं पाणी शुद्ध करणार नाही, ते फक्त खरकट्याने भरेल.

डास

घरात कोणी विरोध केला तर तो याच मुद्द्यावर करेल, आणि त्यात चूक काही नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अळीचा डास होतो. महापालिकेचे लोक घरोघरी येऊन साचलेलं पाणी तपासतात, दंडही करतात.

माझं उत्तर खडी. पाण्याची पातळी कायम खडीच्या एक बोट खाली ठेवली की वर उघडं पाणी राहतच नाही आणि अंडी घालायला जागा उरत नाही. चिखल गच्च ओला आहे तोवर पाणकणसाला वर पाणी असलंच पाहिजे असं नाही. मग ते पाण्याचं भोक कडेच्या पाच सेंटिमीटर खाली न पाडता खडीच्या पातळीवर पाडा, म्हणजे पावसातही वर पाणी साचणार नाही. नवख्यांनी निदान पहिली दोन वर्षं असंच करावं असं माझं मत आहे.

पाणी दिसायलाच हवं असा हट्ट असेल तर मासे सोडा. लोक गप्पी सोडतात. ते आपल्याकडचे नाहीत, आणि पिंपातून ओढ्यात गेले तर तिथल्या माशांच्या तोंडचा घास काढतात. कोकणातल्या विहिरी-ओहोळांत दिसणारा, डोक्यावर चमकता ठिपका असलेला पिकू मिळाला तर तो उत्तम, अळ्या वेचून खातो. तरीही दर आठवड्याला टॉर्च मारून पाहायचंच. डासांची एक जात अशीही आहे जिच्या अळ्या वर येतच नाहीत, त्या पाणवनस्पतींच्या मुळांना भोक पाडून तिथूनच हवा घेतात. त्यांच्यापुढे मासेही हतबल. म्हणून पुन्हा खडीच.

पहिलं वर्ष, आणि कुरडयांची दाढी

पहिल्या वर्षी बहुधा नुसती पाती मिळतील. कणीस आलं नाही म्हणून खत घालू नका. पात्यांची टोकं पिवळी पडतात, त्यालाही औषध नको. कोवळ्या पात्यांवर मावा आला तर नळीने पाण्याचा जोरदार फवारा मारा.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर कणसं येतात, आधी हिरवी, मग दालचिनीच्या रंगाची, मग गडद. दिसायला इतकी सुंदर की कापवत नाहीत. मी पहिल्यांदा ती तशीच ठेवली. एका कणसात लाखाच्या वर बिया असतात आणि प्रत्येक बीला कापसाची छत्री. मार्चमध्ये, दुपारच्या गरम वाऱ्यात, चारही कणसं एकदम फुटली. शेजारच्या काकूंनी त्याच दिवशी गच्चीवर गव्हाच्या कुरडया घातल्या होत्या. संध्याकाळी त्या कठड्यावरून म्हणाल्या, “अरे, तुझ्या त्या कणसाला आवर. माझ्या कुरडयांना दाढी फुटलीये.” त्या वर्षी मी त्यांना दोन किलो कुरडया विकत आणून दिल्या.

तेव्हापासून नियम असा: कणीस गडद तपकिरी झालं आणि अंगठ्याने दाबल्यावर अजून घट्ट लागतंय, तेव्हाच कापायचं. दाबल्यावर मऊ लागलं किंवा एखाद्या जागी फिकट ठिपका उसवल्यासारखा दिसला तर उशीर झाला. मग आधी त्यावर कापडी पिशवी चढवून बांधा आणि पिशवीतच कापा. घट्ट असताना कापलेली कणसं उलटी टांगून सावलीत वाळवली की फुलदाणीत पुष्कळ दिवस राहतात. वर केसांचा स्प्रे मारला तर फुटायची भीती कमी. गणपतीच्या मखराला कणसं लावायची असतील तर आधीच्या हंगामातलीच काढून ठेवावी लागतात.

एक कणीस मात्र मी मुद्दाम ठेवतो, पिशवी न बांधता, काकूंच्या गच्चीच्या विरुद्ध बाजूचं. फेब्रुवारीत शिंजीर येतो आणि चोचीने थोडा थोडा कापूस उपटून घरट्याला नेतो. पिंपात पाणी उघडं ठेवायचो त्या वर्षांत चतुरांच्या अळ्याही पात्यावर चढून कात टाकायच्या. सकाळी पात्याला चिकटलेलं, पाठीत चिरलेलं तपकिरी रिकामं कवच सापडायचं. खडीवर आल्यापासून ते बंद झालं, याची रुखरुख आहे.

खाण्याचं काय, असं विचारणारा एक तरी भेटतोच. सिंधमध्ये याचे पिवळे पराग गोळा करून मिठाई करत. कोवळ्या कोंबाचा गाभाही खाता येतो. पण तुमचा कंद मूळचा कुठल्या गाळातून आला आणि त्या गाळात काय काय होतं हे सांगता येत नसेल तर ताटात घेऊ नका.

छाटणी आणि दर दोन वर्षांनी वाटणी

जानेवारी-फेब्रुवारीत बाहेरची पाती वाळून पिवळी-तपकिरी होतात. ती कात्रीने कापा, पण नेहमी पाण्याच्या वर वीतभर खुंट ठेवून. वाळलेला खुंटसुद्धा कंदाला हवा पोहोचवतो. कापलेली पाती टाकू नका, कुंड्यांवर आच्छादन म्हणून छान चालतात आणि टोमॅटोची रोपं बांधायला सुतळीसारखी वापरता येतात, आधी थोडी भिजवली की.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला पिंपात मातीपेक्षा कंदच जास्त झालेले असतात. पाणी घातलं की लगेच वरून वाहू लागतं, पात्यांची उंची कमी होते. ही वाटणीची वेळ. मे महिन्यात, पावसाच्या आधी करा. पिंप आडवं पाडा, त्याला दोन माणसं लागतात, आणि सगळा गोळा बाहेर ओढा. हाताने तो सुटणार नाही. मी जुन्या करवतीने केकसारखे चार तुकडे करतो. कडेचा, पांढऱ्या कोंबांचा एक तुकडा परत नव्या मातीत. उरलेले तीन?

हा प्रश्न गंभीर आहे. जवळच्या ओढ्यात फेकायचा मोह होतो, कारण झाड तिथलंच तर आहे. फेकू नका. शहरातल्या ओढ्यात आधीच खत झालेलं पाणी असतं, त्यात हे इतकं माजतं की पावसाळ्यात पाणी अडतं. ओल्या कचऱ्यात किंवा कंपोस्टच्या खड्ड्यातही ताजा कंद टाकायचा नाही, तो तिथेच रुजतो. कंद उन्हात फरशीवर पसरा, मे महिन्याच्या पुण्यातल्या उन्हात पंधरा दिवस. मोडल्यावर कडकन आवाज आला म्हणजे मेला. मग कंपोस्टमध्ये.

आणि कधी कंटाळाच आला, पिंप दुसऱ्या कामाला हवं झालं, तर विषारी तणनाशकाची गरज नाही. सगळी पाती अगदी मातीलगत कापा आणि वर चार बोटं पाणी राहील एवढं भरा. जास्तीचं पाणी जायला पाडलेलं भोक खडीच्या पातळीवर असेल तर ते बुचाने बंद करा. नवा कोंब पाण्याबाहेर डोकावला की पुन्हा पाण्याखाली कापा. हवेची नळीच तुटल्यावर कंद महिना-दीड महिन्यात कुजतो. त्या काळात वास येतो आणि उघड्या पाण्यात डासही होतील, म्हणून वरून मच्छरदाणीचं कापड घट्ट ताणून बांधा.

जागा कमी असेल तर

गॅलरीत राहणाऱ्यांनी पाणकणसाच्या नादी लागू नये, हे स्पष्ट सांगतो. त्यांच्यासाठी वेखंड. बारा इंची, बुडाला भोक नसलेली कुंडी, तीच काळ्या मातीची आणि वाळूची मिसळ, तोच जूनचा मुहूर्त, वर तशीच खडी. गुडघ्याच्या थोडं वर जातं, अर्ध्या सावलीत भागतं, कंद हळू पसरतो. उन्हाळ्यात पाती करपली तरी माती ओली ठेवा, पावसाबरोबर पुन्हा फुटतं. फक्त घरचं वेखंड आहे म्हणून बाळाच्या घुटीत उगाळून घालायचं नाही. त्यातल्या बीटा-अ‍ॅसरोन या घटकामुळे अमेरिकेने १९६८ साली वेखंड खाद्यपदार्थांत वापरायला बंदी घातली. धान्याच्या डब्यात किडे होऊ नयेत म्हणून एक तुकडा पुरचुंडीत बांधून ठेवा, कपाटात ठेवा.

माझ्या गच्चीवर या मे महिन्यातले दोन तुकडे अजून ओल्या गोणपाटात आहेत. काकूंनी आपणहून विचारलं, “एक मला देतोस का? पण कणीस न येणारं दे.” तसं मिळत नाही, सावलीत ठेवा, असं सांगितलंय.